समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला कोण तयार आहे? निवड समितीवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

निवड समितीत नाव आल्याचं पत्र मिळतं. सोबत अर्जांचा गठ्ठा आणि एक छापील तक्ता: व्यक्तिमत्त्व १०, संभाषण १०, विषयज्ञान १०. या तक्त्यावर वर येतो तो बहुधा हसतमुख, चुणचुणीत, फर्डं बोलणारा उमेदवार. सहा महिन्यांनी समोरचा क्लायंट रडायला लागला की हाच विद्यार्थी सगळ्यांत आधी म्हणतो, "रडू नका हो, होईल सगळं ठीक."

रडणाऱ्या माणसासमोर बसायचं कसं, हे अभ्यासक्रमात शिकवता येतं. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी कौशल्य मोजत बसण्यात फारसा अर्थ नाही. बघायचं ते एवढंच: चूक दाखवल्यावर पुढच्या दहा मिनिटांत हा माणूस त्या चुकीचं काय करतो? खालची सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती बांधली आहे. ती पंचवीस-तीस जागांच्या एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र) किंवा पदव्युत्तर पदविकेसाठी आहे. एका उमेदवारामागे साधारण दीड तास लागतो. तेवढा वेळ सगळ्यांना देता येत नसेल, तर गुणपत्रक आणि अर्ज पाहून आधी जागांच्या अडीचपट नावं काढा आणि त्यांनाच बोलवा.

१. आधी नियमांची फाईल उघडा

मुलाखतीला एकूण गुणांपैकी किती टक्के द्यायचे, प्रवेश परीक्षेचे किती धरायचे, आरक्षणाच्या जागा कशा भरायच्या हे विद्यापीठ ठरवतं; समितीला त्यात हात घालता येत नाही. समितीच्या हातात असतात ते मुलाखतीच्या भागातले निकष, आणि तेही माहितीपत्रकात आधी छापलेले असावे लागतात. जाहिरात निघाल्यावर "यंदा रोल प्लेही (क्लायंटची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी संवाद) घेऊ" असं ठरवलं तर नाकारलेला उमेदवार तक्रार करेल, आणि त्याचं बरोबर असेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत समावेश आहे. "तुम्हाला कधी डिप्रेशन होतं का?", "गोळ्या चालू आहेत का?" हे प्रश्न तोंडी नकोत, अर्जातही नकोत. उमेदवाराने आपणहून सांगितलं तर ऐका, पण गुणपत्रिकेत त्याची नोंद करू नका. मानसोपचार घेतलेला माणूस या कामाला नालायक, हा समज समुपदेशनाच्या विभागातच सापडावा ही गंमतच आहे, पण सापडतो.

तिसरी गोष्ट उमेदवाराच्या समजुतीची. ही पदवी घेतली की आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणार, असं धरून बरेच जण येतात. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ येतात ते राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या कक्षेत. याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै–ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. हा फरक प्रवेशाआधी अर्ध्या पानावर लिहून द्या आणि वाचल्याची सही घ्या. पहिल्या सत्राअखेर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणणारे बहुतेक या अर्ध्या पानात निकाली निघतात.

२. कागद आणि सामान

उमेदवाराकडून:

- पदवीची गुणपत्रकं आणि प्रवेश परीक्षेचा निकाल
- दोन परिचयपत्रं, त्यांतलं एक तरी हाताखाली काम करवून घेतलेल्या व्यक्तीचं
- आठवड्याच्या वेळेचा भरलेला तक्ता (पायरी ७ पाहा)
- रोल प्लेचं चित्रीकरण करणार असाल तर लेखी संमती. त्यात ते कोण पाहणार आणि कधी पुसणार हे लिहिलेलं हवं
- प्रात्यक्षिकं शाळेत असतील तर पोलीस पडताळणीच्या दाखल्याची तयारी; अनेक शाळा तो मागतात

समितीकडे: तीन सदस्य (एक शिकवणारा, एक रोज क्लायंट पाहणारा, एक बाहेरचा), दोन खोल्या, एक घड्याळ, प्रत्येकाची स्वतंत्र गुणपत्रिका, क्लायंटची भूमिका करणाऱ्या दोन व्यक्ती, पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा. डबा उमेदवाराच्या हाताला लागेल असा ठेवा. समितीच्या बाजूला ठेवला की तो उचलून द्यावा लागतो, आणि तिथेच मुलाखतीचं समुपदेशनाचं सेशन व्हायला लागतं.

परिचयपत्राबद्दल एक सूचना. "मेहनती, नम्र, सुस्वभावी" असली पत्रं वाचण्यात संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. कोऱ्या पत्राऐवजी दोन प्रश्न पाठवा: या व्यक्तीला तुम्ही शेवटची चूक कधी दाखवली आणि तिने काय केलं? कोणत्या प्रकारच्या कामात तिला मदत लागते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कशातच नाही" असेल तर ते पत्र बाजूला ठेवा.

३. तिघांचं माप एक करा

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात दोन तास काढा. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून दोन नमुना रोल प्ले करून घेऊन चित्रित करा: एक बरा, एक मध्यम. तिघांनी ते पाहून एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे. ० ते ४ च्या पट्टीवर एकापेक्षा जास्त गुणांचं अंतर पडलं, तर ते का पडलं यावर बोला. बहुतेक वेळा कळतं की एकाने "शांत बसला" याला संयम म्हटलं आणि दुसऱ्याने त्यालाच गोंधळ म्हटलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लष्करी अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी दिलेले गुण तपासले. एका गुणात चांगला ठरलेला माणूस बाकीच्यातही चांगलाच ठरवला गेला होता. आपल्याकडे या प्रभावळीची (हॅलो इफेक्टची) सगळ्यांत ठळक बाजू म्हणजे इंग्रजी. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्याचा भावनिक समजूतदारपणाही आपोआप वर चढतो, आणि "माझ्या मनाची लई घालमेल व्हती" म्हणणाऱ्याचा खाली येतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक निकषाचा गुण तो भाग संपताक्षणी लिहायचा, सगळं संपल्यावर एकदम नाही. आणि चर्चा होईपर्यंत दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही.

ओळखीचा उमेदवार असेल तर त्या सदस्याने त्याच्यापुरतं बाहेर बसावं. आपल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी, सहकाऱ्याची सून, आपलाच जुना क्लायंट हे सगळे ओळखीचेच. यातला शेवटचा प्रकार लहान शहरांत वरचेवर घडतो. तिथे कारण न सांगता फक्त "मी यात नाही" म्हणायचं, कारण सांगितलं की गोपनीयता तुटली.

४. लेखन: जागेवर, हाताने, ४० मिनिटं

घरून लिहून आणलेलं 'मला समुपदेशक का व्हायचंय' आता कुणाचं असतं कळत नाही: ताईचं, क्लासचं की चॅटजीपीटीचं. ते हवं तर मागवा, गुण देऊ नका. समोर बसवून दोन गोष्टी लिहून घ्या.

पहिली, ३० मिनिटं: "तुमचं एखाद्या माणसाबद्दलचं मत पूर्ण बदललं असा प्रसंग लिहा. आधी काय वाटत होतं, काय घडलं, नंतर काय वाटलं." भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी कोणतीही. शुद्धलेखनाला गुण नाहीत, आणि हे मोठ्याने सांगा; मराठी माध्यमातून आलेली मुलं त्याच धास्तीने दोन ओळींत आटपतात. वाचताना बघा की लिखाणात दुसरा माणूस दिसतो का. पाचपैकी चार परिच्छेद "मी किती समजून घेतलं" यावरच असतील तर तो माणूस अजून स्वतःच्याच खोलीत आहे.

दुसरी, १० मिनिटं: 'वाईट वाटलं' याऐवजी नेमके वापरता येतील असे दहा शब्द लिहा आणि त्यांतल्या तीन शब्दांचं प्रत्येकी एक वाक्य करा. हिरमुसणं, खट्टू होणं, कानकोंडं होणं, चडफड, घालमेल, हुरहुर, उद्वेग, कासावीस होणं. मराठीत यांची वाण नाही. तरी "सॅड, लो, डिस्टर्ब्ड, अपसेट" यांवर पेन थांबणारे पुष्कळ असतात. त्यांना नापास करायचं नसतं, पण नोंद ठेवायची: या विद्यार्थ्याला भाषेवर काम लागेल. बीडहून किंवा राजापूरहून आलेली बाई "मला अँग्झायटी आहे" म्हणत नाही. ती म्हणते, छातीत धडधडतं, कशात जीव लागत नाही. हे ऐकून लगेच आजाराचं नाव शोधणाऱ्यापेक्षा "जीव लागत नाही म्हणजे कसं?" असं विचारणारा उमेदवार पुढे आहे.

५. रोल प्ले, फीडबॅक, पुन्हा रोल प्ले

सगळा डोलारा या पायरीवर उभा आहे. वेळ कमी पडला तर बाकीचं कापा, ही पायरी कापू नका.

क्लायंटची भूमिका दुसऱ्या उमेदवाराला देऊ नका. तो एक तर मैत्रीखात्यात सगळं भडाभडा सांगतो, नाही तर स्पर्धकाला अडवतो. जुना विद्यार्थी किंवा नाटकात काम केलेली व्यक्ती घ्या, तिच्याकडून आधी एक तास तालीम करून घ्या, आणि दर पाच-सहा उमेदवारांनंतर तिला विश्रांती द्या. दमलेला क्लायंट सातव्या उमेदवाराला निराळाच भेटतो.

सगळ्यांना एकच प्रसंग. उदाहरणार्थ: स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न हुकलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा. पुण्यात तिघांत खोली. निकाल लागून महिना झाला, घरी सांगितलेलं नाही. वडिलांनी पैसे पाठवण्यासाठी म्हैस विकली आहे. क्लायंटने तीन वाक्यं ठरलेल्या वेळी टाकायचीच:

पहिल्या मिनिटाला: "नेमकं काय सांगू, कळत नाही." आणि मग दहा सेकंद गप्प.
चौथ्या मिनिटाला: "वडील रोज फोन करतात. मी उचलत नाही."
सहाव्या मिनिटाला: "गावाकडे जायचा रस्ताच बंद झालाय माझा."

पहिली फेरी ८ मिनिटं. तीन वाक्यांपैकी किती उमेदवाराला ऐकू आली, ते लिहा. तिसरं वाक्य जोखमीचं असू शकतं. पण जोखीम कशी तपासायची हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा आत्महत्येबद्दल विचारलं नाही म्हणून गुण कापू नका. त्या वाक्यावर तो थबकला का, एवढंच बघा.

मग ३ मिनिटं फीडबॅक, एकाच सदस्याकडून, दोनच वाक्यांत. एक, काय जमलं. दोन, कोणत्या क्षणी काय वेगळं करून बघायचं. "एम्पथी थोडी कमी पडली" हा फीडबॅक नव्हे. ते ऐकून कुणालाही काहीही करता येत नाही. असं सांगा: "फोन उचलत नाही असं तो म्हणाला, तेव्हा तुम्ही कोणता क्लास लावला होता ते विचारलंत. या वेळी त्या वाक्यापाशी थांबून बघा."

दुसरी फेरी ६ मिनिटं, त्याच क्लायंटबरोबर, त्याच वाक्यापासून. नंतर २ मिनिटं उमेदवाराला विचारा: "काय वेगळं झालं?"

उमेदवार साधारण चार तऱ्हेने वागतात. काही जण बचाव करतात: "मी मुद्दामच विषय बदलला, तो ताणात होता ना." काही जण कोसळतात: "माझं सगळंच चुकलं, मला हे जमणार नाही," आणि समितीला त्यांची समजूत घालावी लागते. काही जण आज्ञाधारकपणे प्रत्येक वाक्यानंतर मनात दहा आकडे मोजतात. आणि काही जण अडखळत का होईना, वेगळं काही करून बघतात.

चौथा प्रकार घ्यायचा, हे सांगायला नको. खरी परीक्षा बाकीच्या तिघांत असते. आकडे मोजणाऱ्याला कमी लेखू नका, पहिल्या वर्षी सगळेच मोजतात. बचाव करणाऱ्याला लगेच फुली मारू नका. घाबरलेला माणूस आधी बचावच करतो. त्याची दुसरी फेरी पाहा. पुष्कळदा तोंडाने नाही म्हणतो, पण फेरीत तो खरोखर थांबतो. तोंडाने "अगदी बरोबर, सर, थँक्यू" म्हणून दुसऱ्या फेरीत तेच जसंच्या तसं करणारा याहून अवघड विद्यार्थी असतो, आणि तो मुलाखतीत फार छान दिसतो. कोसळणाऱ्याच्या बाबतीत उठायला किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या मिनिटापर्यंत तो क्लायंटकडे परत आला असेल तर काळजी नको.

गुण द्यायची पट्टी अशी:

० – फीडबॅक ऐकलाच नाही किंवा क्लायंटला दोष दिला
१ – ऐकला, दुसऱ्या फेरीत काही बदललं नाही
२ – बदल केला, पण यांत्रिक. क्लायंटकडचं लक्ष सुटलं
३ – बदल केला आणि क्लायंटचं पुढचं वाक्य ऐकू आलं
४ – बदल केला, आणि तो कुठे जमला, कुठे नाही, हे नंतर स्वतःच नेमकं सांगितलं

पहिल्या फेरीच्या दर्जाला वेगळे गुण द्या आणि ते या गुणांच्या निम्म्याहून जास्त ठेवू नका.

शिक्षक, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांच्यावर इथे हमखास अन्याय होतो. पहिल्या फेरीत त्यांच्या तोंडून सल्ल्यांची सरबत्ती होते: वेळापत्रक करा, पॉझिटिव्ह राहा, बाबांना सांगून टाका. वीस वर्षांची सवय आहे ती. दुसऱ्या फेरीत त्यातला अर्धा सल्ला जरी ओठांवर अडला, तरी माणूस शिकणारा आहे असं समजा.

प्रसंग देऊन प्रतिसाद ऐकण्याची ही कल्पना नवी नाही. टिमथी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेरपिस्टना अवघड क्लायंटच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि त्यांचे प्रतिसाद ध्वनिमुद्रित करून त्यांना गुण दिले. ज्यांना जास्त गुण मिळाले, त्यांच्या क्लायंटमध्ये जास्त सुधारणा दिसली. भूमिका करणारी माणसं मिळत नसतील तर हाच मार्ग धरा: मोबाईलवर दोन-दोन मिनिटांच्या चार चित्रफिती करा आणि फीडबॅक देऊन दोन पुन्हा दाखवा.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा मोह टाळा. आजार ओळखण्यासाठी केलेली चाचणी तयारी सांगत नाही. शिवाय मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या उमेदवाराला कोणत्या विधानावर कुठे खूण केली की आपण चांगले दिसतो, हे ठाऊक असतं.

६. मुलाखत: २० मिनिटं, आणि ते सेशन नव्हे

समितीवर समुपदेशक असले की पाचव्या मिनिटाला आवाज मऊ होतात, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" सुरू होतं, आणि उमेदवार कुणाला कधी न सांगितलेलं सांगून बसतो. बाहेर व्हरांड्यात पुढचे आठ जण बसलेले असतात. नियम ठेवा: खासगी गोष्ट निघाली तर एकच उपप्रश्न, दुसरा नाही.

विचारायचे प्रश्न:

"कुणीतरी सांगितलेली, ऐकायला कडू पण खरी निघालेली तुमच्याबद्दलची एक गोष्ट सांगा. त्यानंतर काय बदललं?" यावर "लोक म्हणतात मी फारच हळवी आहे" असं गोड उत्तर आलं तर एकदा विचारा, "आणि न आवडलेलं?"

"कोणत्या माणसासमोर बसणं तुम्हाला जड जाईल?" यावर "कुणीच नाही, मी सगळ्यांना स्वीकारते" हे उत्तर मोठ्या मनाचं वाटतं, पण ते धोक्याचं आहे. दारू पिणारा बाप, बायकोला मारणारा नवरा, आरक्षणावर तावातावाने बोलणारा क्लायंट, यांतलं काहीही सांगितलेलं चालेल. आपला काटा कुठे रुततो हे माहीत असलं म्हणजे पुरे.

मूल्यांचा प्रसंग एक तरी हवा. "नवरा मारतो, माहेरी आलेली बाई परत सासरी जायचं म्हणते." एक उमेदवार म्हणतो, लग्न म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच, जाऊ दे. दुसरी म्हणते, मी तिला जाऊच देणार नाही. समितीला दुसरी आवडते. पण दोघांनीही बाईला काही विचारलेलं नाही. तिच्या सुरक्षिततेचा विचारही दोघांपैकी कुणी तिच्याबरोबर बसून केलेला नाही. दुसरा प्रसंग: "मुलगा समलिंगी आहे, त्याला सरळ करा" म्हणत आलेले आईवडील. अशा 'बदलण्याच्या' उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. उमेदवाराला हे ठाऊक नसेल तर चालेल. ते सांगितल्यावरही "पण प्रयत्न तरी करून बघू" हा सूर राहिला तर लिहून ठेवा. अमेरिकेत ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात प्रात्यक्षिकाच्या वेळी एका विद्यार्थिनीने समलिंगी क्लायंट दुसऱ्याकडे पाठवायला सांगितला. २००९ साली तिला काढलं गेलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१२ साली तडजोडीत मिटलं. असा प्रश्न दुसऱ्या वर्षी उभा राहण्यापेक्षा प्रवेशाच्या खोलीत विचारलेला बरा.

गोपनीयतेचा प्रसंग: शाळेत सोळा वर्षांची मुलगी वीस वर्षांच्या मुलाशी शरीरसंबंध असल्याचं सांगते आणि म्हणते, कुणाला सांगू नका. समितीला इथला कायदा पक्का माहीत हवा: अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि न देणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. उमेदवाराकडून कलम नको. "मी कुणालाच सांगणार नाही, शब्द दिला ना" आणि "लगेच तिच्या आईला फोन लावतो" या दोन टोकांच्या मध्ये तो जरा वेळ अडकतो का, कुणाला तरी विचारावंसं त्याला वाटतं का, ते बघा. सुपरव्हायजरकडे (विद्यार्थ्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाकडे) जावंसं वाटणं हीसुद्धा तयारीच आहे.

जखमेबद्दल. स्वतःच्या दुःखातून या क्षेत्राकडे वळलेले खूप असतात, आणि त्यात वावगं काही नाही. आईच्या आजारपणाबद्दल बोलताना उमेदवाराचे डोळे भरून आले तर त्याचे गुण जात नाहीत. जखम आहे की नाही हे विचारूच नका, ती अजून ओली आहे का ते दिसतं का बघा. किती सांगायचं हे तो ठरवू शकतो का? सांगून झाल्यावर पुढच्या प्रश्नाकडे येतो का? की प्रत्येक प्रश्न फिरून त्याच प्रसंगावर जातो? रोल प्लेमधल्या मुलाला त्याने "माझ्या भावाचंही असंच झालं होतं" असं सांगून स्वतःची गोष्ट ऐकवली का? ही शेवटची खूण सर्वांत भरवशाची.

आणि एखाद्याने मुलाखतीतच जीव नकोसा झाल्याचं सांगितलं तर मुलाखत थांबवा. समितीबाहेरची एक व्यक्ती त्या दिवशी याच कामासाठी नेमलेली असावी. तिने त्याच्याबरोबर बसावं, घरच्या कुणाला बोलावायचं ते त्याला विचारून ठरवावं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक द्यावा, आणि एकटं पाठवू नये. मुलाखत दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. आदल्या दिवशीचं गुणपत्रिकेत येऊ देऊ नका.

७. आठवड्याचे १६८ तास

तयार मन आणि रिकामा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी. उमेदवाराकडून आठवड्याच्या १६८ तासांचा तक्ता भरून घ्या: झोप, नोकरी, प्रवास, घरकाम, मुलं किंवा म्हातारी माणसं, आणि मग तास, प्रात्यक्षिक, प्रात्यक्षिकाचा प्रवास, नोंदी लिहिणं, सुपरव्हिजन, वाचन. अनेकांचा हिशेब १९० वर जातो. डोंबिवलीहून येणारी, पूर्ण वेळ नोकरी करणारी आई तो कागदावर पहिल्यांदा बघते तेव्हा गप्प होते. यावर गुण देऊ नका. "यातलं काय कमी होईल?" एवढं विचारा. उत्तर "झोप" असं आलं तर त्याच बैठकीत एक वर्ष थांबण्याचा पर्याय समोर ठेवा.

खर्चही सांगा. फी सगळ्यांना दिसते. वैयक्तिक थेरपी, बाहेरचं सुपरव्हिजन, प्रात्यक्षिकाच्या ठिकाणी जाणं-येणं, हे माहितीपत्रकात सहसा नसतं.

८. निर्णय: हो, नाही, अजून नाही

तिघांचे गुण एकत्र मांडा. फीडबॅक वापरण्याच्या निकषाला सर्वांत जास्त वजन द्या, आणि तिथे तिघांचेही गुण ० किंवा १ असतील तर बाकी बेरीज कितीही झाली तरी "हो" म्हणू नका. मात्र ही अट माहितीपत्रकात असली पाहिजे, पायरी १ आठवा.

'अजून नाही' हा शेरा वापरायला शिका, पण त्याला काम जोडा. "स्वतःवर काम करा" असं लिहून पाठवलं तर उमेदवार वर्षभर त्या वाक्याचा अर्थ लावत बसतो. असं लिहा: "रोल प्लेमध्ये क्लायंट गप्प झाला की तुम्ही लगेच उपाय सुचवत होता, दुसऱ्या फेरीतही तसंच झालं. हेल्पलाइनवर किंवा एखाद्या संस्थेत देखरेखीखाली ऐकण्याचं काम सहा महिने करून पुन्हा अर्ज करावा." पत्रात निदानाची भाषा नको, "भावनिकदृष्ट्या अस्थिर" हे दोन शब्द त्या माणसाला आयुष्यभर बोचतात, आणि कोर्टात ते सिद्धही करता येत नाहीत. दिसलेलं लिहा, अंदाज लिहू नका.

नकाराचं कारण विचारायला आलेल्याला दहा मिनिटं द्या. तो त्या फीडबॅकचं काय करतो, हेही दिसतं.

९. कागद जपून ठेवा, आणि दुसऱ्या वर्षी उघडा

चित्रीकरण ठरलेल्या तारखेला पुसा. गुणपत्रिका नियमात असेल तितकी वर्षं कुलपात ठेवा. ज्यांना घेतलं, त्यांच्या गुणांची प्रत प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी सुपरव्हायजरला देऊ नका. दिली तर तो विद्यार्थ्याकडे तुमच्याच डोळ्यांनी बघेल. दुसऱ्या वर्षाअखेर सुपरव्हिजनचे शेरे आले की प्रवेशाचे गुण बाजूला मांडून बघा. कोणता निकष खरा ठरला आणि कोणत्या प्रश्नाने तीन वर्षांत एकदाही काही सांगितलं नाही, हे तिथे दिसतं. निरुपयोगी ठरलेला प्रश्न पुढच्या माहितीपत्रकाची छपाई होण्याआधी काढून टाका.